हायलाइट टिपायचे तर आधी खेळालाच विचारा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेम स्ट्रीमिंग करणाऱ्या मुलामुलींना हल्ली ‘एआय तुमचे हायलाइट आपोआप काढून देईल’ अशा जाहिराती सतत दिसतात. दरमहा पैसे भरा, स्ट्रीम संपली की क्लिप तयार, असा त्यांचा सूर असतो. थेट प्रक्षेपण आणि संकलनाचे तांत्रिक काम करणारे म्हणून आम्हाला याबद्दल स्पष्ट सांगायचे आहे. हे काम मोफत साधनांनी, घरच्या संगणकावर आणि बहुतेक वेळा जास्त खात्रीने होते. मात्र क्षण ओळखायचे काम चित्रावरून अंदाज बांधणाऱ्या यंत्राला देण्याआधी खुद्द खेळाकडून ती माहिती मिळते का, हे पाहिले पाहिजे. मराठीत याची नेमकी माहिती फारशी कुठे मिळत नाही, म्हणून पत्र लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

आधी साठवणुकीचे पाहू. चार तासांची स्ट्रीम सेकंदाला १२,००० किलोबिट दराने रेकॉर्ड केली तर सुमारे २१.६ जीबी जागा लागते. त्यात कामाचे क्षण मिळून पाच-सात मिनिटांचे, आणि ते शोधायला पुन्हा काही तास मोडतात. यावर उपाय म्हणजे ओबीएस स्टुडिओ या रेकॉर्डिंग आणि प्रक्षेपणाच्या मोफत प्रोग्राममधला ‘रिप्ले बफर’. बफर चालू असताना मागच्या ठरावीक सेकंदांचे चित्र आणि आवाज रॅममध्ये राहतात. नवे आत येते तसे जुने गळून जाते. ‘सेव्ह रिप्ले’ म्हटले की त्या घडीला रॅममध्ये जे आहे त्याची फाइल डिस्कवर उतरते. म्हणजे सेव्ह करायचे ते घटना घडून गेल्यावर. पुढची सगळी स्वयंचलित पद्धत या एका सोयीवर उभी आहे. प्लेस्टेशन ४ च्या शेअर बटणाने आणि एनव्हिडियाच्या शॅडोप्लेने २०१३ मध्ये हेच तत्त्व घरोघरी नेले. ओबीएसचा फायदा असा की त्याला बाहेरच्या प्रोग्रामकडून हुकूम देता येतो.

बफर सेटिंग्जमध्ये ‘आउटपुट’ या भागात सापडतो. तिथे तो चालू करून सेकंद ठरवायचे. मूळ आकडा २० असतो, तो बहुतेक खेळांना अपुरा पडतो. रॅमचा हिशेब सोपा आहे: बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाच्या किलोबिटना, ८ ने भागा आणि सेकंदांनी गुणा; उत्तर किलोबाइटमध्ये येते. १२,००० किलोबिट दराने ६० सेकंदांना ९० एमबी, १६० सेकंदांना २४० एमबी. आठ जीबी रॅमच्या यंत्रालाही हे जड नाही. मात्र स्थिर बिटरेटऐवजी ‘सीक्यूपी’सारखी गुणवत्तेवर चालणारी पद्धत निवडली, तर धावपळीच्या दृश्यात बिटरेट अचानक वाढतो आणि बफर सेकंदांआधी मेमरीच्या मर्यादेला धडकतो. ही मर्यादा सहसा ५१२ एमबी ठेवलेली असते. ‘मी ९० सेकंद ठेवले होते, क्लिप ५० सेकंदांचीच का आली?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथेच असते.

कीफ्रेमचे, म्हणजे पूर्ण चित्र साठवलेल्या फ्रेमचे, अंतर २ सेकंद ठेवावे. फाइल कीफ्रेमपासूनच सुरू होऊ शकते, त्यामुळे अंतर ‘ऑटो’वर सोडले तर क्लिपची सुरुवात काही सेकंद इकडेतिकडे सरकते. दुसरे, बफर स्ट्रीमच्याच एन्कोडरवर (चित्र दाबून लहान करणाऱ्या भागावर) चालवला तर ग्राफिक कार्डावरचा भार वाचतो, पण ‘नेटवर्क अडखळले तर बिटरेट आपोआप कमी करा’ हा पर्याय चालू असेल तर क्लिपचा दर्जाही सोबत घसरतो. तो पर्याय बंद असेल तर इंटरनेट तुटले तरी बफरमधली क्लिप अखंड निघते, कारण ती नेटवर्कवरून आलेलीच नसते. ज्यांच्या ग्राफिक कार्डात ताकद शिल्लक आहे त्यांनी रेकॉर्डिंगसाठी वेगळा एन्कोडर द्यावा, असे आमचे मत आहे.

आवाजाचे ट्रॅक पहिल्याच दिवशी वेगळे करून ठेवा: पहिल्यावर सगळे मिळून, दुसऱ्यावर फक्त खेळ, तिसऱ्यावर माइक, चौथ्यावर मित्रांचे बोलणे. पार्श्वसंगीत वाजवत असाल तर ते फक्त पहिल्यावर. नाहीतर चांगल्या क्लिपवर कॉपीराइटचा दावा येतो आणि गाणे आवाजातून उपटून काढता येत नाही.

दोन चुका इतक्या सर्रास होतात की त्या वेगळ्या सांगतो. एक, बफर चालू करायचाच राहतो. ‘जनरल’ सेटिंग्जमध्ये स्ट्रीमसोबत बफर आपोआप सुरू होण्याची खूण असते, ती करून टाकावी. दोन, खेळ ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालतो आणि ओबीएस साधा; मग विंडोज खेळाच्या खिडकीतली हॉटकी, म्हणजे सेव्हसाठी ठरवलेली कळ, ओबीएसपर्यंत पोचू देत नाही. ओबीएसही तसाच उघडला की प्रश्न मिटतो.

आता मुद्द्याची गोष्ट: सेव्ह कोणी म्हणायचे?

काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ या खेळांत वाल्व्ह कंपनीने ‘गेम स्टेट इंटिग्रेशन’ नावाची अधिकृत सोय दिली आहे. काउंटर-स्ट्राइकच्या सीएफजी फोल्डरमध्ये ‘गेमस्टेट इंटिग्रेशन’ या शब्दांनी, मध्ये अंडरस्कोर देऊन, नाव सुरू होणारी एक छोटी मजकूर-फाइल ठेवायची. तीत दोन गोष्टी लिहायच्या: माहिती कुठे पाठवायची तो पत्ता, उदाहरणार्थ १२७.०.०.१ (म्हणजे हाच संगणक) आणि पोर्ट (त्यावरचे दार) ३०००, आणि कोणती माहिती हवी त्याची यादी: प्रोव्हायडर, मॅप, राउंड, प्लेअर आयडी, प्लेअर स्टेट. खेळ सुरू असताना काही बदलले की खेळच त्या पत्त्यावर जेसन या साध्या मजकूर-स्वरूपात निरोप पाठवतो. त्यात ‘राउंड किल्स’ हा आकडा असतो. तो २ वरून ३ झाला की क्षण मिळाला. चित्र पाहणे नाही, अंदाज नाही, इंटरनेटही नाही.

हा निरोप ऐकणारा पायथनमधला प्रोग्राम शंभरेक ओळींचा होतो. दुसऱ्या बाजूला ओबीएसच्या २८व्या आवृत्तीपासून बाहेरच्या प्रोग्रामचे हुकूम घेणारा वेबसॉकेट सर्व्हर आतच आहे. ‘टूल्स’ मेनूतून तो चालू करायचा, पासवर्ड ठेवायचा, पोर्ट ४४५५. प्रोग्रामने तिथे ‘सेव्ह रिप्ले बफर’ ही विनंती धाडली की फाइल उतरते आणि ओबीएस तिचा पत्ता परत कळवतो. त्यावरून फाइलचे नाव बदलून ‘मिराज, फेरी ९, ४ किल’ असे करता येते (मिराज हा खेळातला एक नकाशा). महिन्याभराने शंभर क्लिपांतून हवी ती शोधताना याची किंमत कळते.

कागदावर सोपे दिसते, पण कच्चा प्रोग्राम पहिल्याच सामन्यात घोळ घालतो. त्याची कारणे ठरलेली आहेत. खेळाडू मेला की तो दुसऱ्या कोणाला तरी पाहत असतो आणि निरोपातली ‘प्लेअर’ची माहिती त्या दुसऱ्याची येऊ लागते. साथीदाराचे तीन किल तुमच्या नावावर क्लिप होतात. म्हणून ‘प्लेअर’मधला स्टीम क्रमांक आणि ‘प्रोव्हायडर’मधला, म्हणजे तुमचा स्वतःचा, स्टीम क्रमांक जुळला तरच पुढे जायचे. मग ‘हार्टबीट’: काही बदलले नाही तरी खेळ ठरावीक सेकंदांनी तीच माहिती पुन्हा पाठवतो. प्रोग्रामने मागचा आकडा लक्षात ठेवला नसेल तर तोच तिसरा किल पुन्हा मोजला जातो.

सर्वांत जास्त नडते ती घाई. तिसऱ्या किलला लगेच सेव्ह केले तर चौथ्याला दुसरी आणि पाचव्याला तिसरी फाइल होते, तिन्ही एकमेकींवर चढलेल्या, आणि शेवटचा जल्लोष कशातच नाही. योग्य रीत अशी: तिसऱ्या किलला ८ सेकंदांचा टायमर लावा, नवा किल आला की तो पुन्हा शून्यापासून सुरू करा, आणि टायमर संपला की एकदाच सेव्ह करा. फेरी संपल्याचा निरोप आधी आला तर त्यानंतर ५ सेकंद थांबून सेव्ह करा. म्हणजे किंकाळी, हसू, मित्रांची दाद सगळे आत येते. फेरी १ मिनिट ५५ सेकंदांची, त्यावर बॉम्ब पेरला तर त्याचे ४० सेकंद. म्हणून या खेळासाठी बफर १६० सेकंद ठेवावा. फेरीच्या सुरुवातीला केलेला पहिला किलही मग हातचा जात नाही.

या सोयीला एक मर्यादा आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे. इतर खेळाडूंची सगळी माहिती फक्त सामना प्रेक्षक म्हणून पाहणाऱ्याला मिळते. खेळणाऱ्याला ती मिळाली तर फसवणूक होईल. त्यामुळे एकट्याने उरून तिघांविरुद्ध फेरी जिंकली, हे प्रोग्रामला थेट कळत नाही. अशा प्रसंगांसाठी हातातली हॉटकी ठेवावीच. लीग ऑफ लेजंड्समध्ये ही अडचण कमी आहे. तो खेळ स्वतःच्या यंत्रावर पोर्ट २९९९ वर घटनांची यादी देतो, तीत पहिला बळी, मल्टीकिल, ड्रॅगन, बॅरन, ‘एस’ (समोरचा पूर्ण संघ बाद) अशा नोंदी वेळेसकट असतात. प्रोग्रामने सेकंदाला एकदा विचारले तरी पुरते. या जोडणीचे सुरक्षा-प्रमाणपत्र खेळाने स्वतःच सही केलेले असल्याने पहिल्यांदा जोडणी नाकारली जाते, एवढेच.

एक इशारा. खेळाची मेमरी वाचून किल मोजणारी साधने इंटरनेटवर फिरतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. फसवणूक रोखणारी यंत्रणा हायलाइटचा प्रोग्राम आणि चीट यांत फरक करत बसत नाही. खाते जाते ते जातेच.

जिथे खेळ काही सांगत नाही तिथे आवाजाकडे वळावे. माइकची पातळी दर १०० मिलिसेकंदांनी मोजायची, मागच्या ५ मिनिटांची मध्यम पातळी काढायची, आणि तिच्यापेक्षा १० ते १२ डेसिबल वर किमान पाऊण सेकंद आवाज राहिला तर खूण करायची. ठरावीक आकड्यावर कधीही विसंबू नये. रात्री घरचे झोपल्यावर हाच खेळाडू कुजबुजत बोलतो. ही मोजणी कंप्रेसर, लिमिटर आणि नॉइज सप्रेशन या आवाज सुधारणाऱ्या फिल्टरांच्या आधीच्या आवाजावर करायची असते. कंप्रेसरचे कामच आरोळी दाबून बोलण्याच्या पातळीला आणणे हे आहे, मग मोजायला उरते काय? आपल्याकडच्या घरांत कुकरची शिट्टी आणि गणपतीतले ढोल हे नेहमीचे खोटे इशारे. शिट्टी एकाच पट्टीत टिकून राहते, माणसाच्या आरोळीत चढउतार असतो. एवढी एक चाचणी लावली तरी निम्मा त्रास वाचतो. ढोलांवर मात्र इलाज नाही, त्या दिवसांत आवाजाचा इशारा बंदच ठेवावा. मोठ्या खेळांतही आवाज पूर्वीपासून वापरात आहे: विम्बल्डनने २०१७ मध्ये आयबीएमच्या प्रणालीकडून क्षण निवडून घेतले, त्यात प्रेक्षकांचा जल्लोष हा एक मोठा निकष होता.

चॅटवरून क्षण ओळखणे ऐकायला छान वाटते, पण आमच्या मते तो शेवटचा पर्याय आहे. प्रेक्षकाला चित्र काही सेकंद ते अर्धा मिनिट उशिरा दिसते, मग तो टाइप करतो. संदेशांची लाट येईपर्यंत क्षण बफरमधून निघूनही गेलेला असू शकतो. लाट मोजताना संदेश मोजू नका, माणसे मोजा. दर ५ सेकंदांत किती वेगवेगळ्या लोकांनी लिहिले, हे मागच्या १० मिनिटांच्या मध्यम आकड्याशी ताडून पाहा, तिप्पट झाले तर खूण करा. बक्षीस जाहीर केले, दुसऱ्या चॅनेलचे प्रेक्षक एकदम आले किंवा बॉटने दंगा केला तरी लाट येतेच. वीस-तीस प्रेक्षकांच्या स्ट्रीमवर या पद्धतीचा काही उपयोग नाही. आणि तयार सेवा मराठी चॅटला हमखास अडखळतात: ‘नाद खुळा’, ‘एक नंबर भावा’, ‘लय भारी’ हे देवनागरीत एक आणि रोमन लिपीत चार प्रकारे लिहिले जाते. ही यादी ज्याची त्यानेच भरावी लागते.

आता मोबाइल. महाराष्ट्रातली बरीच मुले बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) किंवा तत्सम खेळ फोनवर खेळतात आणि नेमकी इथेच सोय सर्वांत तोकडी आहे. आधी फोनचे चित्र संगणकात आणावे लागते. टाइप-सी पोर्ट असला म्हणजे त्यातून चित्र बाहेर पडतेच असे नाही. फोनला ‘डिस्प्लेपोर्ट’ची साथ आहे का, हे कॅप्चर कार्ड विकत घेण्याआधी पाहावे. स्वस्त यूएसबी २.० कार्डांच्या खोक्यावर ‘४के’ लिहिलेले असते, ते आत घेण्याबद्दल असते. बाहेर १०८०पी चित्र साधारण ३० फ्रेमनेच आणि दाबलेले मिळते. ६० फ्रेम हव्या असतील तर यूएसबी ३.० चेच कार्ड घ्यावे. पोर्टमधून चित्र निघत नसेल तर ‘एससीआरसीपीवाय’ हा मोफत प्रोग्राम साध्या केबलने काम करतो. अँड्रॉइड ११ पासून पुढे आवाजही आणतो.

चित्र आले तरी खेळ स्वतः काहीच कळवत नाही, म्हणून पडद्यावरच्या किलच्या संदेशाचा तुकडा नमुना म्हणून ठेवून ओपनसीव्ही या चित्र ओळखणाऱ्या मोफत साधनाने तो शोधावा लागतो. सेकंदाला पाच वेळा पाहणे पुरते. जुळणी ०.८ च्या वर (१ म्हणजे तंतोतंत) आणि सलग तीनपैकी दोन फ्रेममध्ये असेल तरच मान्य करायची. नाहीतर धूर, स्फोट आणि गवत खोटे इशारे देतात. संदेश काही सेकंद टिकतो, त्यामुळे एकदा मोजल्यावर तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. हे सगळे जमवल्यावर एक दिवस खेळाचे अपडेट येते, फाँट किंवा रंग बदलतो, आणि प्रोग्राम गप्प बसतो. चूक दाखवत नाही, फक्त क्लिप येत नाहीत. म्हणून प्रत्येक अपडेटनंतर सरावाच्या सामन्यात एक किल करून फाइल उतरते का, ते पाहावे. फोनचा पडदा २०:९, ओबीएसचा १६:९; मधल्या काळ्या पट्ट्यांमुळे नमुन्याची जागा आणि आकार बदलतो, तो नमुना ओबीएसमधूनच कापून घ्यावा, फोनच्या स्क्रीनशॉटवरून नव्हे.

फोनबाबत सुरक्षेचीही एक बाब आहे. बफर सगळेच टिपतो, वरून सरकणारी सूचनाही. आईच्या खात्याचा ओटीपी क्लिपमध्ये आला आणि ती क्लिप आपोआप अपलोड झाली तर पुढचे सांगायला नको. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावल्याशिवाय स्ट्रीम सुरू करू नये आणि क्लिप आपोआप प्रसिद्ध करण्याची सोय, कितीही मोहक असली तरी, बंद ठेवावी. साथीदारांचे बोलणेही त्यात असते, आणि त्यातले बरेच अठरा वर्षांखालचे असतात. टिपणे यंत्राचे, पाहून पुढे पाठवणे माणसाचे.

क्लिपसोबत वेळेची नोंदवही ठेवायला विसरू नये. प्रत्येक इशाऱ्याला स्ट्रीम सुरू झाल्यापासूनची वेळ, इशारा कोणाकडून आला आणि फाइलचे नाव एका सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलमध्ये लिहायचे. क्लिप बिघडली तर यूट्यूबवरच्या जतन प्रतीतून तोच भाग कापता येतो. मात्र ती प्रत ओबीएसच्या सुरुवातीपासून नव्हे तर प्रक्षेपण खरोखर सुरू झाले तिथून मोजते. सुरुवातीला एक ठळक दृश्यबदल करून हा फरक एकदा मोजला की पुढे त्या स्ट्रीमभर तोच राहतो. बारा तासांपेक्षा लांब स्ट्रीम यूट्यूब जतन करत नाही, अखंड मॅरेथॉन करणाऱ्यांनी ती आधीच तोडावी. शॉर्ट्ससाठी उभी क्लिप करताना १९२० बाय १०८० मधून जेमतेम ६०८ पिक्सेल रुंदीचा मधला पट्टा उरतो आणि कोपऱ्यातली किलची यादी कापली जाते. ती वेगळी कापून वर बसवावी, नाहीतर पाहणाऱ्याला काय घडले तेच कळत नाही.

शेवटी मागणी. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला वेगळे काढून प्रोत्साहनाच्या बाजूला ठेवले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही आता स्पर्धा होतात. अशा वेळी भारतात मोबाइल खेळ चालवणाऱ्या कंपन्यांनी संगणकावरच्या खेळांसारखी घटनांची स्थानिक नोंद खेळाडूला द्यावी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांनी ती मागावी. फार काही नको: वेळ, सामन्याचा क्रमांक, स्वतःचा किल, स्वतःचे नॉक होणे (घायाळ होऊन पडणे), सामन्याचा निकाल. प्रतिस्पर्ध्याची जागा नको, साथीदारांची प्रकृती नको. ताज्या माहितीने फसवणूक होईल अशी शंका असेल तर नोंद २० सेकंद उशिरा द्यावी. मिनिटभराचा बफर लावलेल्याला तेवढ्या उशिराने काही फरक पडत नाही.

आपले,
थेट प्रक्षेपण व संकलन क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, पुणे